सुरमई घाट चढून आली कशी?

मागच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन एका भारी सीफूड रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. मंद दिवे, बर्फावर मांडलेले मासे आणि मेनूकार्डवर किमतीच्या जागी तीनच अक्षरं: एपीएस, म्हणजे ‘ॲज पर साइज’. वेटरने ताटात सुरमई, पापलेट, रावस आणून दाखवले. बाबा आता भाव विचारणार म्हणून मी टेन्शनमध्ये. पण त्यांनी विचारलं, “हे सगळे समुद्राचे. आपल्या मुठेतला एकपण नाही का हो?”

वेटर हसला, मीपण हसलो. घरी येऊन मात्र शोधत बसलो. आजचा एपिसोड तिथूनच निघाला.

आधी साधा हिशोब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचावर, आणि मध्ये आडवा सह्याद्री. मासा उन्हात काही तासांत खराब होतो, आणि बैलांच्या पाठीवरचा माल घाट चढून यायला दिवस लागायचे. त्यामुळे देशावर समुद्र यायचा तो वाळवूनच: सुकट, सोडे, सुके बोंबील. माझ्या आजीसाठी समुद्राची मासळी म्हणजे आठवडी बाजारातले बोंबील. बस्स.

मग ताजा मासा कुठला? नदीचा. भोई लोक जाळी टाकायचे आणि त्या दिवशीचा मासा त्याच दिवशी चुलीवर जायचा. या माशांची पहिली मोठी शास्त्रीय नोंद केली कर्नल साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने. 1820च्या दशकात तो सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरला आणि 1839 साली त्याने इथल्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारी गोष्ट अशी की त्याने बऱ्याच माशांची इथली नावंच शास्त्रीय नावांत घातली. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेला महसीर जगभर ‘खुद्री’ नावाने ओळखला जातो. इंद्रायणीतला एक मासा आहे ‘नुक्ता’. त्याच्या तोंडावर खोल खाच असते. नाव ऐकून आपला ‘नकटा’ आठवतो की नाही?

आता समुद्राकडे येऊ. खंडाळा ते पुणे रेल्वे 1858 साली सुरू झाली, पण बोरघाट मध्ये तसाच होता. तो टप्पा लोक पालखीत नाहीतर तट्टावर बसून पार करायचे. 1863 साली घाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे प्रवास काही तासांवर आला. त्या कामावर हजारो मजुरांचे जीव गेले, हेही लक्षात ठेवूया.

दुसरी गरज बर्फाची. 1830च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो थेट अमेरिकेतून, तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, जहाजाने! तो श्रीमंतांच्या मेजवानीत मिरवायचा. पुढे इथेच कारखान्यात बर्फ बनायला लागला, तेव्हा कुठे मासळीच्या टोपलीला तो परवडला. 1875 साली ससून डॉक झाला. तो बांधला होता कापसाच्या व्यापारासाठी, आज तिथे पहाटे मासळीचा लिलाव होतो. आणि 2002 साली एक्स्प्रेसवे पूर्ण झाल्यावर मासळीच्या गाड्यांचा घाट आणखी सोपा झाला.

रेस्टॉरंटचीही गंमत आहे. आज जिथे आपण जपून ऑर्डर करतो, त्यातल्या काहींच्या नावात अजून ‘लंच होम’ आहे. मुंबईच्या फोर्टमध्ये ऑफिसवाल्यांना दुपारी पोटभर मासे-भात देणारी ही साधी खाणावळ. महेश लंच होमची सुरुवात तशीच झाली. आज त्याची शाखा पुण्यातही आहे, आणि तिथे आपण वाढदिवस साजरे करतो.

मग बाबांच्या प्रश्नाचं काय? रविवारच्या बाजारभावाच्या बातम्या बघा. गणेश पेठेतल्या मासळी बाजाराखाली अजूनही वेगवेगळे मथळे असतात: खोल समुद्रातील मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी. पण रहू-कतला मुख्यतः येतात आंध्र प्रदेशातून, आणि तेही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. मुळा-मुठेत आपण शहराचं सांडपाणी सोडतो. आणि साइक्सचा तो नुक्ता आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

म्हणजे बघा, दीडशे-दोनशे वर्षांत आपण समुद्र घाटावर आणला, आणि पुलाखालची नदी ताटातून गेली. मला सुरमई आवडते, पुढच्या महिन्यात परत जाणारच आहे. पण परवा म्हात्रे पुलावर गाडी थांबवून बाबा म्हणाले, “इथे आम्ही गळ टाकायचो.” मी खाली पाहिलं. काय बोलणार?

तुमच्या घरात कुणी मुळा-मुठेतला मासा खाल्लाय? आजी-आजोबांना विचारा, नाव आणि चव दोन्ही विचारा, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटूया!