खामगावचा रूळ आणि सत्त्याऐंशीचे प्रमाण

जलंबहून खामगावला जाणारा लोहमार्ग अवघा सुमारे १३ किलोमीटरांचा. वऱ्हाडचा कापूस मुंबईस लवकर पोचावा म्हणून तो घातला गेला, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास खामगावी आला. हा मार्ग लहान करून मुलांपुढे मांडावयाचा झाला, तर कोणत्या मापाने मांडावा?

आगगाडीच्या प्रतिकृतींत आज जगभर रूढ असलेले प्रमाण एकास सत्त्याऐंशी हे होय. त्यास ‘एचओ’ म्हणतात. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात, जे १९९८ साली खुले झाले, याच मापाच्या गाड्या आहेत. पण सत्त्याऐंशी हा आकडा आला कोठून? युरोपात खेळण्यांतील गाड्यांची मापे क्रमांकांनी ओळखली जात. इंग्लंडात शून्य क्रमांकाच्या मापात एका फुटास सात मिलिमीटर धरीत. पुढे लहान घरांसाठी त्याचे निम्मे केले. फुटाच्या ३०४.८ मिलिमीटरांस साडेतीनने भागले की सत्त्याऐंशी येतात. फूट आणि मिलिमीटर यांच्या संकराचे हे अपत्य!

या मापाने आपला १३ किलोमीटरांचा मार्ग दीडशे मीटरांत बसतो. अडचण रुळांपाशी येते. बाजारात मिळणाऱ्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याची सत्त्याऐंशी पट केली तर १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपचे चार फूट साडेआठ इंच येतात. आपले रूळ मात्र साडेपाच फुटांवर, १६७६ मिलिमीटरांवर आहेत. म्हणजे छोट्या रुळांतले अंतरही १९.३ मिलिमीटर हवे.

अशी तडजोड इंग्रजांनीही केली. त्यांची इंजिने आकाराने लहान. साडेतीनच्या मापात विजेची मोटार बसेना. म्हणून इंजिन एका फुटास चार मिलिमीटर या मापाने वाढविले, रूळ मात्र तेच ठेवले. गाडी मोठी झाली, वाट अरुंद राहिली.

मग तीन मिलिमीटरांचा एवढा आग्रह कशाला? कारण साडेपाच फूट हा आपल्या इतिहासातला एक निर्णय आहे. कंपनीचे संचालक इंग्लंडचे माप सुचवीत होते, डलहौसी सहा फुटांसाठी अडून बसला होता; त्या वादातून आपले रूळ ठरले. विकतच्या रुळांवर ठेवलेली खामगावची गाडी दिसेल हुबेहूब, पण चालेल युरोपच्या वाटेवर. तेव्हा डबे विकत घ्यावेत, रूळ मात्र मोजून आपल्या हातांनी घालावेत.