जनन हॉर्मोनांचा रक्तातील अर्धायुकाल

अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात आलेली हॉर्मोने यकृत, मूत्रपिंडे आणि एंझाइमे यांच्या क्रियेने सतत नष्ट किंवा उत्सर्जित होत असतात. त्यांचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुकाल म्हणतात. जनन हॉर्मोनांत तो फार भिन्न असतो. अधोथॅलॅमसातील गोनॅडोट्रोपीन-मोचक हॉर्मोनाचा अर्धायुकाल २ ते ४ मिनिटे, पोष ग्रंथीतील पुटकोद्दीपक हॉर्मोनाचा काही तास, तर वारेतून स्रवणाऱ्या मानवी जरायु-गोनॅडोट्रोपिनाचा सु. एक ते दीड दिवस असतो. या शेवटच्या हॉर्मोनाच्या रेणूला जोडलेल्या शर्करा-शृंखला त्याचे जलद निष्कासनापासून रक्षण करतात. गर्भवतीच्या मूत्रातील त्याच्या अस्तित्वावरच आशहाइम व त्सोंडेक यांची १९२०–३० या दशकातील गर्भनिदान चाचणी आधारलेली होती.

रक्तातील अत्यल्प हॉर्मोने मोजणे रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-आमापन पद्धतीमुळे (१९५९-६०) शक्य झाले. या पद्धतीने एर्न्स्ट नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० मध्ये असे आढळले की, अंडकोश काढलेल्या ऱ्हीसस माकडिणींत पोष ग्रंथीचे पीतपिंडकारक हॉर्मोन अखंड न स्रवता सु. दर तासाला स्पंदरूपाने स्रवते. पुढील वर्षी मोचक हॉर्मोनाची दहा ॲमिनो अम्लांची संरचना निश्चित झाली. या क्षेत्रातील कार्याबद्दल यॅलो, गीमँ व शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निर्णायक प्रयोग १९७८ मध्ये झाला. अधोथॅलॅमसाला इजा केलेल्या माकडिणींना मोचक हॉर्मोन तासातून एकदा थोडा वेळ दिले असता पोष ग्रंथीचे स्रवण पूर्ववत झाले. तेच अखंड दिले असता ते क्षीण झाले. म्हणजे हॉर्मोनाचे त्वरित नाहीसे होणे हा अपव्यय नसून, दोन स्पंदांमधील विराम टिकविणारी ती आवश्यक अट आहे.

या ज्ञानाचा उपयोग परस्परविरुद्ध दोन मार्गांनी झाला. अधोथॅलॅमसाच्या दोषामुळे अंडमोचन न होणाऱ्या स्त्रियांना लहान पंपाद्वारे स्पंदरूपाने हॉर्मोन देऊन गर्भधारणा साधता येऊ लागली. उलट, सहज विघटन न पावणारी ल्युप्रोलाइडसारखी सदृश द्रव्ये दीर्घकाळ दिल्यास आरंभीच्या वाढीनंतर टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण अतिशय घटते. म्हणून अष्ठीला ग्रंथीच्या प्रगत कर्करोगावर १९८५ पासून अमेरिकेत ती वापरात आली आणि अनेक रुग्णांची वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया टळली.