रस्त्याचें ऋण

जुन्या सातारा जिल्ह्याच्या कागदपत्रांत शिराळा हा वाळवें तालुक्याचा एक पेटा म्हणून आढळतो. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, १९६० मध्यें त्याचें नांव सांगली पडलें, आणि आज शिराळा हा त्या जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाचा डोंगराळ तालुका आहे. नागपंचमीमुळें व समर्थस्थापित मारुतीमुळें बत्तीस शिराळ्याचें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु या लेखांत त्याचें स्मरण निराळ्या कारणानें करावयाचें आहे. पुणें-कोल्हापूर हा राजमार्ग शिराळ्यास वळसा घालून पेठेवरून जातो. पेठेपासून पश्चिमेकडे वळलें म्हणजे शिराळा लागतो व पुढें कोकरूडकडे वारणेचें खोरें सुरू होतें. म्हणजे राजमार्ग जवळ, पण घरचे रस्ते आडवळणाचे, अशी या तालुक्याची स्थिति आहे. रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोणीं द्यावा, हा प्रश्न ज्या दृष्टीनें पुण्यामुंबईस दिसतो त्याहून निराळ्या दृष्टीनें तो येथून दिसतो. आणि इतिहासाचा निवाडा करतांना ही आडगांवची दृष्टि अधिक उपयोगी पडते, असें आम्हांस वाटतें.

वाटेवर पैसा घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर जो दगडी रांजण आहे तो जकातीचीं नाणीं टाकण्याचा होता, अशी लोकसमजूत आहे. मराठेशाहींत तर जकातीचें एक शास्त्रच बनलें होतें. माल जेथें भरला जाई तेथें थळभरीत, जेथें विकला जाई तेथें थळमोड, आणि मधल्या वाटेवर नाक्यानाक्यास निराळी पट्टी. पण येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. ही जकात मालावर होती व ती राज्याच्या किंवा वतनदाराच्या उत्पन्नाची बाब होती. ज्या वाटेवर ती घेतली जाई ती वाट सुधारण्याचें वचन तींत मुळींच नव्हतें. बैलांचे तांडे घेऊन जाणाऱ्या वंजाऱ्यास वाटेंत संरक्षण मिळालें तरी पुष्कळ झालें, अशीच त्या काळची कल्पना होती. मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती इंग्रज सरकारनें १८३८ च्या सुमारास उठविल्या. सातारचें राज्य १८४८-४९ मध्यें खालसा झालें व तेथेंही तीच राजनीति आली.

पण रस्ते बांधावयाचे तर पैसा पाहिजेच. तो कोठून आला? इतिहास वाचतांना आपलें लक्ष घाटांतल्या भव्य कामांकडे जातें. खेड्यांतल्या रस्त्याचा पैसा कोणीं दिला हें आपण विचारीत नाहीं. त्याचें उत्तर १८६९ च्या मुंबईच्या लोकलफंड कायद्यांत आहे. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा असा उपकर या कायद्यानें बसविला. त्यांतील दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या लोकोपयोगी कामांसाठीं व एक तृतीयांश शाळांसाठीं राखून ठेवला. तरींचें उत्पन्न व नाक्यांवरील टोल हेही त्याच फंडांत येत. पण मुख्य आधार होता तो या एका आण्याचा. म्हणजे शिराळ्याच्या पेट्यांतील जो कुळवाडी जन्मांत कधीं पेठेच्या पुढें गेला नसेल, त्यानेंही रस्त्याचा पैसा भरलाच. आणि ज्याला जमीन नव्हती, पण गाड्या भरभरून माल होता, त्या व्यापाऱ्यास त्या उपकराची झळ लागली नाहीं.

ही विषमता दूर करण्याचा एक उपाय म्हणून टोलकडे पाहिलें गेलें. १८७५ सालीं रस्ते व पूल यांवरील टोलचा कायदा मुंबई सरकारनें केला. तत्त्व न्याय्य होतें : जो वापरील तो देईल. व्यवहार मात्र निराळा झाला. नाक्याचा मक्ता देण्याची मुभा त्याच कायद्यांत होती. आणि मक्ता आला कीं मक्तेदार आला. मक्तेदाराचें हित वसुलींत असतें, रस्त्यांत असतें असें नाहीं. इंग्लंडांत हा धडा आधींच गिरविला गेला होता. तेथील टर्नपाइक ट्रस्टांनीं अठराव्या शतकांत चांगले रस्ते केले खरे. पण १८३९ ते १८४३ या काळांत वेल्समधील शेतकऱ्यांनीं बायकांचा वेष घेऊन रात्रीं नाक्यांचीं फाटकें फोडलीं. शेतांत टाकावयाचा चुना आणतांना एकाच दिवसांत अनेक फाटकांवर पैसे मोजावे लागत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. शेवटचा टर्नपाइक ट्रस्ट १८९५ मध्यें बंद झाला.

आपल्याकडेही टोलची नावड किती खोल होती याचें एक सुंदर उदाहरण मुंबईस आहे. माहीम व वांद्रें यांमधील खाडीवर सेतु बांधण्यासाठीं लेडी आवाबाई जमशेटजी यांनीं १,५७,००० रुपये दिले. अट एवढीच कीं, त्यावर टोल घेऊं नये. तो १८४५ सालीं खुला झाला. दात्यास पुण्य हवें असेल तर वाट मोकळी असावी, ही धर्मशाळेची व पाणपोईची जुनी भावना त्या अटींत बोलते. परंतु प्रत्येक खाडीस आवाबाई मिळत नाहींत.

पुढें मोटारी आल्या आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांच्या सुधारणेसाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. १९२८ च्या आपल्या अहवालांत या समितीनें असें मत दिलें कीं, रस्त्यांचा भार आतां प्रांतांस व स्थानिक संस्थांस एकट्यांस पेलण्यासारखा राहिला नाहीं. सबब पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधि करावा. त्याप्रमाणें १९२९ मध्यें पेट्रोलवरील कर चार आण्यांवरून सहा आणे झाला व वाढीव दोन आणे रस्ते निधींत जाऊं लागले. कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. इंग्लंडांत लॉइड जॉर्ज यांनीं १९०९ मध्यें पेट्रोलवर गॅलनमागें तीन पेन्स कर सुचविला होता, आणि अमेरिकेंत ऑरेगन संस्थानानें १९१९ सालीं गॅलनमागें एक सेंट घेण्यास आरंभ केला होता.

या तेलकराची मोहिनी कशांत आहे तें सहज समजण्यासारखें आहे. त्यास नाका लागत नाहीं, मक्तेदार लागत नाहीं, गाडी थांबवावी लागत नाहीं. जो अधिक फिरेल तो अधिक तेल जाळील व अधिक देईल. पैसा दारोदार न हिंडतां, मोजक्या ठिकाणीं गोळा होतो, म्हणून वसुलीचा खर्चही अल्प. आणि मुख्य म्हणजे, तो एका विशिष्ट रस्त्यास बांधलेला नसल्यामुळें, ज्या वाटेवर नाका बसविणें कधींही परवडणार नाहीं त्या वाटेसही त्यांतून कांहीं देतां येतें. शिराळ्यासारख्या तालुक्याच्या दृष्टीनें हीच खरी गोष्ट आहे. वाडीच्या रस्त्यावर दिवसांतून दहा गाड्या जातात. तेथें नाकेदाराचा पगारही सुटणार नाहीं.

परंतु तेलकरालाही दोन मोठे दोष चिकटले, आणि दोन्ही जयकर समितीच्या निधींतच दिसूं लागले. पहिला वाटपाचा. प्रांतांचा हिस्सा तेथें खपलेल्या पेट्रोलच्या प्रमाणांत ठरे. म्हणजे जेथें मोटारी व रस्ते होतेच तेथें आणखी पैसा. जेथें रस्ते नव्हते तेथें मोटार नाहीं, पेट्रोल नाहीं, म्हणून पैसाही नाहीं. दुसरा दोष मोहाचा. एकदां पैसा सुलभपणें गोळा होऊं लागला कीं खजिनदाराची दृष्टि त्यावर जातेच. विलायतेंत १९२६ मध्यें अर्थमंत्री चर्चिल यांनीं रस्ते निधींतील रक्कम सामान्य खर्चाकडे वळविली. आपल्याकडे २००० सालीं केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला, तेव्हां डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठीं ठेवला गेला. खेड्यापाड्यांत आज जो डांबरी रस्ता दिसतो त्यांत या तरतुदीचा वांटा मोठा आहे. पण २०१८ मध्यें निधीच्या नांवांत ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि रस्त्यांखेरीज इतर अनेक कामांस त्याचें दार उघडलें. महाराष्ट्रांत २०१५ सालीं दुष्काळनिवारणासाठीं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागें दोन रुपये अधिभार बसला. दुष्काळग्रस्तांस साह्य व्हावें याविषयीं कोणाचें दुमत असणार? पण तो रस्त्याचा पैसा नव्हे, हें देणाऱ्यास कळलें पाहिजे.

तेलकरावरील विश्वास असा उडूं लागला तेव्हां टोल पुन्हां दाराशीं आला. १९९६ मध्यें महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालें. खाजगी भांडवलानें रस्ते बांधावे व टोलनें तें भांडवल फेडावें, ही पद्धति रूढ झाली. मौज अशी कीं, या टोलास आधार घेतला गेला तो १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याचा. वाहनकर भरणारा मनुष्य त्याच कायद्याच्या एका कलमान्वयें नाक्यावरही पैसे देऊं लागला. शिराळकरास हीं नाकीं चांगलीं परिचित आहेत : साताऱ्याकडे निघालें तर कराडच्या पुढें तासवडें, कोल्हापुराकडे निघालें तर वारणा ओलांडल्यावर किणी. राजमार्ग रुंद झाला, वेळ वांचला, हें मान्य केलेंच पाहिजे.

या पद्धतीविरुद्ध सर्वांत मोठा लोकक्षोभ याच मुलुखांत झाला, हा योगायोग नव्हे. कोल्हापूर शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्त्यांसाठीं ३० वर्षें टोल घेण्याचा करार झाला व २०१३ मध्यें वसुली सुरू झाली. शहरांतल्या शहरांत, घरून बाजारास जातांना टोल द्यावा, ही गोष्ट लोकांस पटेना. शिराळ्याच्या शेजारच्या वाळवें तालुक्यांतील ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील हे वयाच्या ऐंशीनंतर या लढ्याच्या अग्रभागीं उभे राहिले. कॉम्रेड गोविंदराव पानसरेही त्यांत होते. डिसेंबर २०१५ मध्यें सरकारनें तो टोल रद्द केल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं १ जूनपासून राज्यांतील १२ नाकीं बंद झालीं व ५३ नाक्यांवर मोटारी आणि एस. टी. यांस माफी मिळाली. पण माफी म्हणजे खर्च नाहींसा होणें नव्हे. नाक्यावर न दिलेला रुपया मक्तेदारास राज्याच्या तिजोरींतून द्यावा लागतो, आणि त्या तिजोरींत शिराळ्याच्या बिनमोटारीच्या माणसाचाही पैसा असतो.

येथें एका शास्त्रीय गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत जे प्रयोग झाले त्यांवरून असें दिसून आलें कीं, आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारें सोळा पट होते. म्हणजे रस्ता मोडतो तो ऊंसानें व वाळूनें लादलेल्या जड वाहनांमुळें. हलक्या मोटारीचा त्यांतील वांटा नगण्य असतो. जड वाहन तेल अधिक जाळतें खरें, पण सोळा पट नाहीं. उलट, शेतांत नांगरणारा ट्रॅक्टर रस्त्यावर न येतांही डिझेलवरचा तोच कर भरतो. तेव्हां तेलकर अगदीं न्यायाचा, असेंही म्हणतां येत नाहीं.

आतां तर विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्या तेल घेत नाहींत, म्हणून तेलकर देत नाहींत. आणि अटल सेतु, समृद्धि महामार्ग व मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग यांवर त्यांस टोलमाफी देण्याचें धोरण राज्यानें २०२५ मध्यें स्वीकारलें आहे. हवा शुद्ध राहावी हा हेतु स्तुत्य आहे. पण अशी मोटार बहुधा संपन्नाच्या दारीं उभी असते, आणि जुन्या दुचाकीवरून दूध घालावयास जाणारा मनुष्य लिटरमागें कर भरीतच राहतो. ज्या ऑरेगननें प्रथम तेलकर आणला, त्याच ऑरेगननें २०१५ पासून मैलामैलावर आकार घेण्याची ऐच्छिक योजना सुरू केली आहे, ती याच जाणिवेनें.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काय? एक आण्याच्या उपकरापासून आजच्या फास्टॅगपर्यंत साधनें बदललीं; प्रश्न एकच राहिला. आमचें मत असें कीं, मोठा सेतु, बोगदा किंवा द्रुतगति मार्ग यांस टोल शोभतो, कारण त्यांचा लाभ कोणास व किती हें मोजतां येतें. मात्र तेथें भांडवल किती, वसूल किती, शिल्लक किती, हा हिशेब नाक्यावरच फलकावर लिहिला जावा व रक्कम फिटतांच नाका उठावा. वाडीवस्तीच्या रस्त्यास मात्र सामायिक निधीच हवा. तो तेलावर बसो, अंतरावर बसो वा भारावर बसो, पण रस्त्याच्या नांवानें घेतलेला पैसा रस्त्यासच लागला पाहिजे.

कोल्हापूरचे लोक चिडले ते रुपयासाठीं, असें म्हणणें अपुरें आहे. हिशेब कोणी दाखवीना, म्हणून ते चिडले. १८६९ च्या शेतकऱ्यानें साऱ्याबरोबर दिलेला आणा कोठें गेला हें विचारण्याची सोय त्यास नव्हती. आजच्या नागरिकास ती आहे. तिचा उपयोग त्यानें तासवड्याच्या नाक्यापुरता न करतां पेट्रोलपंपावरील पावतीविषयींही केला पाहिजे. नाक्यावर दिलेला पैसा डोळ्यांस दिसतो म्हणून त्याचा राग येतो. तेलांत मिसळलेला दिसत नाहीं. आणि पावसाळ्यानंतर कोकरूडच्या पुढील रस्त्याचा खड्डा बुजतो कीं नाहीं, हें बहुतांशीं त्या न दिसणाऱ्या पैशावर अवलंबून असतें.