इरावती कर्वे, १४९ कवट्या आणि कवटीचा तळ

शिंदखेड्याला घरी गेलो की एक प्रश्न ठरलेला: ‘कवटी पाहून माणूस किती हुशार, ते कळतं का?’ हसण्यावारी नेऊ नका. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या संस्था हाच प्रश्न गंभीरपणे विचारत होत्या. आणि एका मराठी विद्यार्थिनीने तो मोजून तपासला.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर. तपासायचं गृहीतक असं: युरोपीय माणूस जास्त तर्कनिष्ठ, म्हणून त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, आणि त्यामुळे त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता होती, पण तिचा वंशाशी संबंध दिसला नाही. त्यांनी तसंच लिहिलं. गाईड वंशश्रेष्ठत्व मानणारे, आणि आपण गुलाम देशातून आलेल्या. तरीही!

मग आकार ठरतो कशाने? बर्लिनमध्ये तेव्हा जनुकांची आजची माहिती नव्हती. आज आपल्याला ठाऊक आहे की कवटीचं छत आणि तळ वेगवेगळ्या रीतीने घडतात. छताची हाडं पातळ पडद्यात थेट तयार होतात. तळ मात्र गर्भात आधी कूर्चेचा असतो, मग त्याचं हाड होतं. तळाचा पुढचा भाग न्यूरल क्रेस्टच्या पेशींपासून येतो, मागचा मेसोडर्मपासून. कूर्चा बनण्यासाठी ‘सॉक्स-९’ हे जनुक लागतं. स्फेनॉइड आणि ऑक्सिपिटल हाडांमधला कूर्चेचा सांधा किशोरवयापर्यंत वाढत राहतो.

‘एफजीएफआर-३’ या जनुकातल्या एका बदलामुळे अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझिया होतो, हे १९९४ मध्ये कळलं. त्यात कूर्चेतून होणारी हाडांची वाढ मंदावते. हातपाय आखूड राहतात, कवटीचा तळही आखूड राहतो. छत मात्र वाढतं, म्हणून कपाळ पुढे येतं आणि नाकाचं मूळ बसकं दिसतं. डोक्याचा आकार इतका बदलूनही बुद्धी बहुधा इतरांसारखीच असते. शिंदखेड्यातल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच.

पीएच.डी.ला बसणाऱ्यांसाठी एवढंच. तक्त्यात गाईडला हवं ते दिसलं नाही, तर मोजमापं पुन्हा घ्या. तरी दिसलं नाही, तर ‘दिसलं नाही’ असंच लिहा. इरावतीबाईंना १९३० मध्ये त्यावरच डॉक्टरेट मिळाली.