अर्ध्या कोयत्याचा संसार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा: 'नोकरी सांभाळून घर टापटीप कसे ठेवावे.' विषय चांगला आहे. १९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले. तेव्हापासून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईच्या संसाराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मी स्वतः एकतीस वर्षे शाळेत शिकवले आणि अशा लेखनाचा मला उपयोगही झाला. पण भगिनींनो, लिंबागणेशात बसून या विषयाचा इतिहास सांगायचा, तर कचेरीतल्या बाईपासून आरंभ करता येत नाही. तो कोयता हाती घेतलेल्या बाईपासून करावा लागतो.

बालाघाटाचा हा मुलूख कोरडवाहू. पाऊस चुकला की दिवाळीनंतर हाताला काम नाही. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. मागोमाग दुसरे निघाले आणि तोडणीला माणसे लागू लागली. ती आपल्या जिल्ह्यातून गेली. १९७२ च्या दुष्काळाने तर ज्यांनी कधी गावची शीव ओलांडली नव्हती, अशी घरेही बाहेर काढली. आमचे घर त्यांतलेच.

मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी मिळून एक कोयता. म्हणजे हिशेबात बाई अर्धा कोयता. या अर्ध्या कोयत्याला दोन घरे चालवावी लागतात, ते मात्र कोणाच्याच वहीत मांडलेले नसते.

पहिले घर गावातले. दसरा झाला की आई तयारीला लागे. ज्वारीत लिंबाचा पाला घालायचा, कणगीचे तोंड शेणामातीने लिंपायचे, आजीपुरते तिखट-मीठ वेगळे काढायचे, सरपण आडोशाला रचायचे. मग पत्र्याची पेटी भरायची. तवा, काठवट, दोन पातेली, कोयत्याला धार लावायची कानस, हळदकुंकू, एक बरे लुगडे. गोधड्या आणि धान्याचे पोते वेगळे. पाच-सहा महिन्यांचा संसार तेवढ्यात बसला पाहिजे. भालचंद्राला नारळ फोडला की गाडी निघे.

दुसरे घर म्हणजे फडाजवळची खोपी. बांबू, चटई आणि पाचट यांची. आत ताठ उभेही राहता येत नसे. तिथेही पहिल्याच दिवशी आई तीन दगडांची चूल मांडी, जमीन सारवी आणि अवकाळी पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणी. पहाटे तीनला उठून दोन वेळच्या भाकरी. अंघोळ उजाडण्यापूर्वी, कारण आडोसा नव्हता. मग दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. माझा धाकटा भाऊ बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत असे आणि झोळीचा दोर माझ्या हातात. मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी माझी शाळा बुडाली. दिवस कलला की वाढे विकायचे, पाणी आणायचे, पुन्हा चूल पेटवायची. टापटीप हा शब्द आईच्या तोंडी कधी आला नाही. पण अंधारात हात घातला तरी मिठाचा डबा जागच्या जागी सापडे.

तिला अक्षरओळख नव्हती. गाडी भरून गेली की पेटीच्या झाकणाला आतून ती कोळशाने एक रेघ ओढी. हंगाम संपताना मुकादमाने हिशेब सांगितला, त्यात सहा खेपा कमी भरल्या. वडील मान खाली घालून बसले. आईने पेटी रिकामी केली, उचलून आणली आणि झाकण उघडून त्याच्यापुढे ठेवली.

"दादा, ह्या रेघा मोजा," एवढेच ती म्हणाली.

तो हसला. पण चार माणसे बघत होती. त्याने चार खेपा धरल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. परतताना वडील म्हणाले, "लोकांत बोलायचं नव्हतं." आई गप्प राहिली. पुढच्या दसऱ्याला मात्र जुन्या रेघा पुसून झाकण लख्ख केले ते वडिलांनी. मला त्यांनी आजीजवळ ठेवले, म्हणून मी शिकले.

आईच्या टापटिपीचे मी कौतुक करते खरी, पण त्या कौतुकाची मला भीतीही वाटते. बाई सगळे निभावते म्हटले की तिला काय सोसावे लागते हे कोणी विचारीत नाही. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यास शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर न्हाणी नाही, शौचालय नाही. दुखणे अंगावर काढायचे आणि ते विकोपाला गेले की कर्ज काढून शस्त्रक्रिया करायची. आमच्या खोपीतही दुखणी होती. आईने ती आम्हांला कधी सांगितली नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

२०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. मूल वसतिगृहात राहिले तर झोळीचा दोर आठ वर्षांच्या मुलीच्या हाती येत नाही. मला त्यात आणखी एक फायदा दिसतो: खोपीतल्या एका माणसाचे रांधणे कमी होते.

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन पाडव्यानंतर घेण्याचा ठराव झाला तो यासाठीच. त्याआधी निम्म्या सभासद गावात नसतात. गेल्या दिवाळीनंतर निघताना अकरा जणींनी घराच्या किल्ल्या मंडळाच्या कपाटात ठेवल्या. त्यांपैकी नऊ परत नेल्या आहेत. दोघींचा फड अजून संपलेला नाही. त्यांच्या कणग्यांना कीड लागू नये म्हणून लिंबाचा पाला घालण्याचे काम येत्या मंगळवारी करायचे आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी दुपारी यावे.