चोपडी त्यांची, नाव आपलं

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला चढवला. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचलं. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हाती लागले की जाळायचे. घेतले किती, फेडले किती, व्याजावर व्याज कधी चढलं हे सावकाराच्या चोपडीलाच ठाऊक, आणि न्यायालय चोपडी मानायचं. कुळाचा त्यात फक्त अंगठा.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. मला त्यातली हिशेबाची कलमं सर्वांत मोलाची वाटतात. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशानं व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. भरलेल्या पैशाची पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक हा शेतकऱ्याचा हक्क ठरला. इथं सूरह बकराची २८२ वी आयत आठवते. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत कर्जाच्या लिखापढीविषयी आहे, आणि त्यात मजकूर सांगायचा तो ऋणकोनं, म्हणजे ज्याच्यावर देणं आहे त्यानं. चोपडीत नेमकं उलटं होतं.

आमच्या वडवणीला तो कायदा लागू नव्हता. नगर ब्रिटिशांचं, बीड निजामाचं, आणि तेही १९४८ पर्यंत. त्या राजवटीची एक खूण मात्र आमच्या नावांत राहिली. दफ्तरात उर्दूत नोंद व्हायची, ‘शेख रहीम वल्द शेख करीम’. पुढे ‘वल्द’ गळालं, उरलं ‘शेख रहीम शेख करीम’. संगणकाच्या रकान्यात गेल्यावर यात पहिलं नाव शेख, आडनावही शेख. त्याचं इंग्रजी स्पेलिंग तीन कचेऱ्यांत तीन तऱ्हेचं. आणि १ जून ही जन्मतारीख तर गुरुजींनी हिंदू-मुसलमान न पाहता सगळ्यांनाच वाटली आहे!

आजची चोपडी म्हणजे सिबिल. ही कंपनी २००० साली निघाली, तिच्यासारख्या कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा. आज अशा चार कंपन्या आहेत, गावात मात्र चौघींनाही सिबिलच म्हणतात. बँक लिहिते, कंपनी सांभाळते, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला बहुतेक वेळा कर्ज नाकारल्यावरच कळतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळण्याची सोय २०१७ पासून झाली. दख्खनच्या शेतकऱ्याला वर्षाचा उतारा त्याच्या १३८ वर्षं आधी कबूल झाला होता.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणानं गेल्या वर्षी दोन म्हशींसाठी कर्ज मागितलं. बँकेनं सांगितलं, तुमचं मोटारसायकलचं कर्ज थकलंय. याच्या घरी मोटारसायकल कधीच नव्हती. अहवाल काढला तर कर्जदाराचा पत्ता भलत्याच शहरातला. नाव आणि जन्मतारीख तेवढी याची. आम्ही आधार, पॅन जोडून तक्रार टाकली. नियमानं तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. पण नोंद कंपनी स्वतःहून बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. पंचविसाव्या दिवशी उत्तर आलं: वित्तसंस्थेच्या मते नोंद बरोबर आहे.

मग १८७९ च्या न्यायाधीशाचं काम आम्हीच हाती घेतलं. त्या वित्तसंस्थेला लेखी पत्र दिलं की मूळ अर्ज, फोटो आणि सही दाखवा. नाही दाखवलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. २०२२ पासून या पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अर्ज सापडला. फोटोतला माणूस वेगळा होता. महिनाभरानं नोंद निघाली.

तोवर दिवाळी उलटून गेली होती. पैशाची गरज थांबली नव्हती, म्हणून त्यानं मुकादमाकडून उचल घेतली आणि बायकोसह कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यावर गेला. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत आहे. मी त्याला निघताना विचारलं, आकडा किती लिहिलाय ते पाहिलंस का? तो म्हणाला, ‘भाई, वही दाखवतंय कोण?’