दोन बाइटांचा शेरा

जेपेग फाइलमध्ये एक कप्पा असतो, तो चित्र पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्यात रंग नसतात, रेषा नसतात. असतो तो नुसता शेरा: कुणी काढलं, कुठल्या सॉफ्टवेअरमधून फाइल निघाली, असं काहीबाही. १९९२ साली जेपेगचं प्रमाण पक्कं झालं तेव्हा या कप्प्याची रीतही ठरून गेली. आधी दोन बाइटांची खूण, मग दोन बाइटांत लांबी, मग मजकूर. लांबी मोजताना ती सांगणारे दोन बाइटही त्यात धरायचे. म्हणजे शेरा अगदी रिकामा असला तरी लांबी दोन भरणारच. त्याहून कमी भरण्याची सोयच नाही.

पण कुणी तिथे मुद्दाम एक लिहिला तर?

२५ जुलै २००० रोजी अलेक्झांडर पेसल्याक या रशियन सुरक्षातज्ज्ञाने या प्रश्नाचं उत्तर जाहीर केलं. ‘सोलर डिझायनर’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. त्या काळी वापरात असलेला नेटस्केप ब्राउझर जेपेग उघडताना शेऱ्याच्या लांबीतून दोन वजा करत असे आणि उरलेली संख्या ही मजकुराची लांबी समजत असे. एकातून दोन गेले की उरतो उणे एक. पण ज्या प्रकारच्या आकड्यात हा हिशेब होत होता त्याला उणे चिन्ह माहीतच नव्हतं. स्कूटरचा मीटर शून्याच्या मागे फिरवला तर सगळीकडे नऊ दिसावेत, तसं होऊन ३२ बिटांच्या त्या हिशेबात उणे एकाचे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ झाले. पुढची गंमत नव्हे, आपत्ती अशी की मजकुराच्या शेवटी खुणेचं शून्य ठेवायला प्रोग्राम एक बाइट जास्त मागत असे. त्या अवाढव्य आकड्यात एक मिळवला की मीटर फिरून पुन्हा शून्यावर. म्हणजे जागा मागितली शून्य बाइटांची आणि त्यात ओतायला घेतले चार अब्जांहून जास्त बाइट.

ओतलेलं अर्थातच शेजारी सांडत गेलं. शेजारी काय होतं, हे महत्त्वाचं. प्रोग्राम चालू असताना लागेल तशी मेमरी देणारी आणि परत घेणारी एक व्यवस्था असते. कुठला तुकडा कुणाला दिला, पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे, याच्या नोंदी ती त्या तुकड्यांच्या कडेलाच लिहून ठेवते. सांडलेल्या मजकुराने या नोंदी खोडून त्यांच्या जागी हल्लेखोराला हव्या त्या नोंदी लिहिता येत. मग तुकडा परत घेताना ती व्यवस्था स्वतःच्याच हाताने हल्लेखोराचा आकडा हल्लेखोराच्या पत्त्यावर नेऊन ठेवी. हीप नावाच्या मेमरीतल्या चुकीचा असा सर्वसाधारण उपयोग करता येतो, हे पेसल्याकने पहिल्यांदा जाहीरपणे उलगडून दाखवलं. नेटस्केपने ४.७४ या आवृत्तीत चूक दुरुस्त केली. आधी लांबी दोनपेक्षा कमी तर नाही ना, एवढं पाहिलं की झालं.

अशा चुका तेव्हाही नव्या नव्हत्या. १९७२ साली अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या अहवालात, ठरल्यापेक्षा जास्त माहिती आत ढकलून यंत्राचा ताबा घेता येतो, हे नमूद आहे. त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी भाषा घडवत होते. सी भाषा वेगवान, यंत्राच्या अगदी जवळची. पण दिलेल्या जागेच्या बाहेर लिहिताना ती कुणाला अडवत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला. तो ज्या वाटांनी शिरला त्यातली एक होती फक्त ५१२ बाइटांची जागा, जिच्यात किती मजकूर येतोय हे कुणी मोजत नव्हतं. सुमारे ६,००० यंत्रं बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला.

दुसरा मार्ग उपलब्ध होता, आणि हे या इतिहासातलं सगळ्यात टोचणारं पान. टोनी होअर यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडच्या एलियट ब्रदर्स कंपनीसाठी अल्गोल भाषेचा कंपायलर बनवला. त्यात प्रत्येक वेळी जागेच्या मर्यादा तपासल्या जात. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करायची सोय हवी का, असं काही वर्षांनी ग्राहकांना विचारलं, तेव्हा ग्राहकांनी एकमुखाने नकार दिला. चुका किती वारंवार होतात हे त्यांना कळून चुकलं होतं. १९८० सालच्या ट्युरिंग व्याख्यानात होअर यांनी हे सांगितलं आणि भाषा घडवणारे व वापरणारे हा धडा शिकले नाहीत, याची खंतही बोलून दाखवली.

चित्रांच्या बाबतीत तर लोक आणखी निर्धास्त होते. चित्र म्हणजे पाहायची वस्तू, तिने यंत्राला काय होणार? जून २००२मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने ‘पेरन’ नावाच्या जेपेग व्हायरसची बातमी दिली तेव्हा अनेकांनी ती मोडीत काढली. त्यात तथ्य होतं, कारण तो चालण्यासाठी यंत्रावर आधी दुसरा प्रोग्राम असावा लागे. पण पेसल्याकने दोन वर्षांपूर्वी जे दाखवलं होतं त्याला कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रामची गरज नव्हती.

१४ सप्टेंबर २००४ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस०४-०२८ हे सुरक्षापत्रक काढलं. विंडोजमध्ये चित्रं उघडणारा जीडीआय प्लस नावाचा भाग जेपेगच्या शेऱ्याची लांबी तपासत नव्हता. लांबी शून्य किंवा एक लिहिली की वजाबाकी उलटी फिरत होती. तोच कप्पा, तेच दोन बाइट, तीच चूक! नेटस्केपने ती दुरुस्त करून चार वर्षं झाली होती आणि तिचं सविस्तर वर्णन सगळ्यांना वाचायला खुलं होतं.

बाधितांच्या यादीत विंडोज एक्सपी होतं, ऑफिस होतं, आणि पिक्चर इट! व डिजिटल इमेज प्रो ही घरगुती फोटो सजवायची सॉफ्टवेअरंही होती. खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. जीडीआय प्लसची फाइल एकाच ठिकाणी नव्हती. ऑफिसची वेगळी प्रत, फोटोच्या सॉफ्टवेअरची वेगळी, बाहेरच्या कंपन्यांनी आपापल्या सॉफ्टवेअरबरोबर दिलेल्या आणखी वेगळ्या. विंडोज दुरुस्त केलं तरी या प्रती जुन्याच राहत. त्या शोधायला मायक्रोसॉफ्टला वेगळं साधन द्यावं लागलं. महिना संपायच्या आत चुकीचा फायदा घेणारा कोडही बाहेर फिरू लागला.

फोटोशॉपची पाळी आली ती टिफ चित्रांच्या निमित्ताने. मे २०१२मध्ये अडोबीने सीएस५मधले मेमरीचे दोष मान्य केले आणि उपाय सुचवला तो सीएस६ घेण्याचा, म्हणजे पैसे मोजून. आपल्याच मालातल्या दोषाची दुरुस्ती गिऱ्हाइकाला विकणं हे कुठल्याही धंद्यात चुकीचंच. वापरणाऱ्यांनी तसं खडसावून सांगितलं, आणि काही दिवसांतच कंपनीने सीएस५ची दुरुस्तीही फुकट देण्याचं कबूल केलं.

सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी या गूगलच्या चित्रप्रकारात तोच स्वभावदोष सापडला. टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला वॉशिंग्टनमधल्या एका नागरी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला आढळला होता. या दोषामुळे मालकाने कशालाही हात न लावता फोन ताब्यात जात होता. ॲपलने ७ सप्टेंबरला आणि क्रोमने ११ सप्टेंबरला दुरुस्त्या दिल्या. वेबपी उघडणाऱ्या कोडने नियम पाळणाऱ्या फाइलला पुरेल एवढी जागा अगदी काटेकोर हिशेबाने राखली होती. मात्र फाइल नियम पाळते की नाही हे तो पाहत होता जागा भरून झाल्यावर. तो कोड ब्राउझरांत, चॅटच्या ॲपांत, चित्रं उघडणाऱ्या असंख्य प्रोग्रामांत शिरलेला होता आणि प्रत्येकाला आपापली प्रत बदलावी लागली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची २.१०.३६ ही आवृत्ती आली. तिने डीडीएस, पीएसडी आणि पीएसपी फाइल उघडतानाचे मेमरीचे दोष दुरुस्त केले. यातली पीएसडी ही खुद्द फोटोशॉपची फाइल.

महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या आणि छपाईच्या अनेक दुकानांत आजही २००२ सालचं फोटोशॉप ७ चालतं. त्यामागे कारण आहे: युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आणि त्यांत बसवलेलं वर्षानुवर्षांचं काम. त्या आवृत्तीला आता कुठलीही दुरुस्ती येत नाही, आणि लग्नपत्रिकेसाठी, बॅनरसाठी गिऱ्हाइकाने पाठवलेली कुठलीही फाइल तिच्यातच उघडली जाते. या दुकानदारांनी जुनं सॉफ्टवेअर ठेवावं लागलं तर ठेवावं, पण बाहेरून आलेलं चित्र आधी ताज्या आवृत्तीच्या गिम्पमध्ये उघडून नव्याने जतन करावं. आणि जुनं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.